संसर्गात गेलेली कातडी परत लावताना: पेशंटच्या घरच्यांनी काय करायचं

पायात काटा मोडला. दोन दिवसांत पाय सुजला, तिसऱ्या दिवशी काळेनिळे फोड आले, थंडी वाजून ताप चढला. तालुक्याच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवलं आणि त्याच रात्री ऑपरेशन झालं. सकाळी पट्टी बदलताना घरच्यांनी पाहिलं, तर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत कातडीच नव्हती.

प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काम करताना अशी कुटुंबं मी सतत पाहते. भाताच्या लावणीच्या दिवसांत तर जास्तच. कुणाला काटा लागलेला, कुणाला विळ्याचं टोक, कुणाला साप चावलेला, कुणाच्या कमरेवर इंजेक्शनची गाठ झालेली. त्यांतल्या बऱ्याच जणांना शुगर असते आणि त्या दिवसापर्यंत ती कुणी तपासलेलीच नसते.

या आजाराचं नाव नेक्रोटायझिंग फॅशिआयटिस. फाईलवर ‘एन. एफ.’ एवढंच लिहिलेलं दिसेल. हा लेख आजाराबद्दल कमी आणि त्यानंतर उरणाऱ्या जखमेबद्दल जास्त आहे: ती भरायची कशी, कातडी कधी लावतात, तोवर आणि त्यानंतर घरच्यांनी काय करायचं. जीव वाचवणारं ऑपरेशन आणि कातडी लावायचं ऑपरेशन यांच्यामध्ये काही दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंतचा काळ जातो. लावलेली कातडी धरणार की नाही, हे बरंचसं या मधल्या काळात ठरतं. त्यातलं बरंच काम डॉक्टरांच्या नाही, तुमच्या हातात असतं. म्हणून हे सगळं इतक्या तपशिलात लिहिते आहे.

एवढी कातडी का काढली?

प्रत्येक नातेवाईक हा प्रश्न विचारतो आणि त्याने तो विचारायलाच हवा. हा संसर्ग कातडीवर पसरत नाही, खालून पसरतो. चरबी आणि स्नायू यांच्यामध्ये एक पातळ पांढरं आवरण असतं, त्याच्या कडेने तो धावत जातो आणि वाटेतल्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये गुठळ्या होतात. वरच्या कातडीला रक्त खालूनच येत असतं. ते बंद झालं की कातडी मरते. काही वेळा वरून ती तासन्‌तास धड दिसते, पण खाली सगळं सुटलेलं असतं. रक्तच पोचत नाही तिथे अँटिबायोटिकही पोचत नाही. त्यामुळे जिवंत, रक्त येणारा भाग लागेपर्यंत मेलेला भाग कापून काढावाच लागतो. त्या ऑपरेशनला डिब्राइडमेंट म्हणतात.

एकदा करून भागेलच असं नाही. साधारण 24 ते 48 तासांत पेशंटला पुन्हा ओ.टी.मध्ये, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, नेऊन पाहतात आणि आणखी मेलेला भाग दिसला तर तोही काढतात. म्हणजे पहिल्या काही दिवसांत जखम मोठी होत जाते. इथे घरचे घाबरतात. ‘दर वेळी नेतात आणि आणखी कापतात’ असं वाटून डिस्चार्ज मागतात, कुणी तरी गावाकडच्या पाल्याचं औषध सुचवतं, आणि पेशंट हलवला जातो. कृपा करून या टप्प्यावर पेशंट घरी नेऊ नका. दुसरा डॉक्टर हवा असेल तर दुसऱ्या रुग्णालयात न्या, पण फाईल, रिपोर्ट आणि रेफर चिठ्ठी घेऊन, 108च्या किंवा दुसऱ्या अँब्युलन्समधून, सरळ न्या.

राउंडला डॉक्टर आले की रोज एकच प्रश्न विचारा: ‘मेलेला भाग अजून आहे का?’ ‘आता नाही’ असं उत्तर आलं की पहिला टप्पा संपला. बोट किंवा पाय काढावा लागेल असं सांगितलं, तर न काढल्यास काय होईल आणि काढला तर कुठपर्यंत, हे दोन्ही विचारून मगच सही करा. मात्र निर्णयाला दोन दिवस लावू नका. हा संसर्ग तासातासाने पुढे सरकतो.

जाता जाता, घरातल्या इतरांसाठी. जखम छोटी आणि दुखणं मात्र सहन होण्यापलीकडचं, सूज लाकडासारखी टणक, कातडी जांभळी किंवा काळपट, फोड, दाबल्यावर कातडीखाली करकर, आधी खूप दुखत होतं ती जागा अचानक बधिर. यातलं काहीही दिसलं तर धावरं समजून लेप लावत बसू नका. त्याच दिवशी सर्जन गाठा.

उघड्या जखमेचे दिवस

ड्रेसिंगपासून सुरुवात करू. मोठ्या जखमेचं ड्रेसिंग दुखतं आणि पेशंट त्याच्या धास्तीनेच जेवण टाकतो. दुखणं कमी करता येतं. ड्रेसिंगच्या साधारण अर्धा तास आधी वेदनेचं औषध देता येईल का, हे सिस्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवा. फार मोठी जखम असेल तर काही ड्रेसिंग्ज भूल देऊनही करतात. चिकटलेला गॉज सलाइनने भिजवून, थोडं थांबून काढला की बराच फरक पडतो. तो ओढून काढला तर नव्याने आलेला नाजूक थरही त्याच्याबरोबर निघून येतो. रक्त आलं, म्हणजे चांगलं साफ झालं, असा समज आहे. तो चुकीचा आहे.

जखमेवर स्वतःहून काही घालू नका. हळद, चुना, राख, तंबाखूची गोळी, मेडिकलमधून आणलेली पावडर, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, काहीच नको. पावडरीचे गठ्ठे जखमेत बसतात आणि ते काढण्यात आमचे दोन दिवस जातात. जंतू मारण्यासाठी ओतलेली कडक औषधं नव्या पेशींनाही मारतात.

काही पेशंटना व्हॅक लावतात. जखमेत फोम बसवून वर चिकट प्लास्टिक लावतात आणि नळीने मशीन सतत हवा खेचत राहतं. दाब बहुधा उणे 125 मिलिमीटर पाऱ्याचा असतो. त्याने पाणी ओढलं जातं, सूज उतरते, खालून मांस लवकर भरतं, आणि रोजचं दुखणं वाचतं, कारण फोम दोन-तीन दिवसांनी बदलायचा असतो. मशीन वाजायला लागलं तर आवाज बंद करून झोपू नका, सिस्टरांना हाक मारा. बहुतेक वेळा प्लास्टिक कुठे तरी सुटलेलं असतं. खेचणं काही तास बंद राहिलं तर ओला फोम जखमेत तसाच कुजत राहतो. डब्यात अचानक लाल रक्त भरू लागलं, तर ती धावत येऊन सांगायची गोष्ट आहे. खाजगी दवाखान्यात असाल तर प्रत्येक बदलाचा आणि मशीनच्या भाड्याचा खर्च आधीच विचारून घ्या.

आता जेवण. यावर मी सगळ्यात जास्त बोलते आणि यावरच सगळ्यात कमी ऐकलं जातं. उघड्या जखमेतून रोज जे पाणी झिरपतं त्यातून शरीरातलं प्रथिन वाहून जातं, आणि नवी कातडी धरायला तर तेच लागतं. अशा वेळी आपल्याकडे पेशंटला पथ्यावर ठेवतात. भात नको, पू होतो. तुरीची डाळ नको, वांगं नको, अंडं गरम पडतं, मासे तर नकोच. शेवटी माणूस चहा-बिस्किटं आणि मुगाच्या पाण्यावर येतो. महिनाभर असं चाललं की हातापायांच्या काड्या होतात, अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, खाली जातं, पायांवर सूज येते आणि कातडी लावली तरी धरत नाही.

पू जंतूंमुळे होतो. भाताने, डाळीने, वांग्याने होत नाही. मोठी जखम असलेल्या माणसाला वजनाच्या किलोमागे रोज साधारण दीड ते दोन ग्रॅम प्रथिनं लागतात. 60 किलोच्या माणसाला 90 ते 120 ग्रॅम. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम असतात, पेलाभर दुधात सहा-सात. यावरून अंदाज येईल की दोन वेळच्या वरण-भातात हे भागत नाही. अंडी, मासे, चिकन, दूध, दही, पनीर, मोड आलेली मटकी, हरभरे, सोयाबीन, शेंगदाण्याची चटणी, जे तुमच्या घरात चालतं ते दिवसातून पाच-सहा वेळा थोडंथोडं द्या. शाकाहारी घरांनी सोयाबीनचं पीठ भाकरीच्या पिठात मिसळावं. डब्यातून न्यायला सोपं आणि चव बदलत नाही. किडनीचा त्रास असेल तर मात्र प्रथिनं किती द्यायची हे डॉक्टरांना विचारूनच. मधुमेहींनाही प्रथिनं तोडायची नसतात. त्यांनी साखर, गूळ, फळांचे रस आणि सलाइनच्या जोडीला आणलेलं शहाळं यांवर लक्ष ठेवायचं.

शुगर आटोक्यात ठेवण्यासाठी या काळात बहुधा इन्सुलिनच देतात. ‘एकदा सुरू केलं की सुटत नाही’ म्हणून नाही म्हणू नका. संसर्गात शुगर गोळ्यांना दाद देत नाही. जखम भरल्यावर अनेकांचं इन्सुलिन कमी होतं, काहींचं बंदही होतं. एका वहीत रोजची शुगर, वेळ आणि इन्सुलिनचे युनिट लिहून ठेवा. त्याच वहीत ड्रेसिंगच्या तारखा आणि डॉक्टर काय म्हणाले तेही लिहा. रात्रपाळीला बसणारा माणूस बदलला तरी वही बदलू नये.

तंबाखू पूर्ण बंद करायची. बिडी-सिगारेट बंद हे सगळ्यांना पटतं. मिश्री आणि गालातली गोळी मात्र राहून जाते. दात घासायला मिश्री लावणाऱ्या बायका आम्ही विचारल्याशिवाय सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते व्यसनच नसतं. निकोटिन तोंडातून गेलं तरी रक्तवाहिन्या आकसतातच आणि नव्या कातडीला रक्त कमी पडतं. त्यामुळे आजी, मावशी कुणीही पेशंट असो, स्पष्ट विचारा आणि डॉक्टरांना खरं सांगा.

आता उशीचं. पाय दुखतो म्हणून घरचे गुडघ्याखाली उशी ठेवतात. पेशंटला बरं वाटतं, गुडघा वाकलेला राहतो, आणि तीन आठवड्यांनी तो सरळच होत नाही. पाऊलही तसंच: पलंगावर पडून पाऊल खाली झुकत जातं, टाचेमागची शीर (इथे शीर म्हणजे रक्तवाहिनी नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी दोरी) आखडते, आणि जखम भरलेला माणूस चवड्यावर चालतो. पाय उंच ठेवायचा तर पोटरीपासून घोट्यापर्यंत पाय उशांवर, गुडघा सरळ, टाच मोकळी, तळव्याला आधार. फिजिओथेरपिस्टना हात धरून वॉर्डात बोलवा. जखम उघडी आहे म्हणून व्यायाम थांबवायचा नसतो, फक्त कुठला सांधा किती हलवायचा हे त्यांना विचारायचं. दर दोन तासांनी कूस बदला, नाही तर पायाची जखम भरेपर्यंत कमरेवर दुसरी होते.

कागद आणि पैसे

महाराष्ट्रात असाल तर भरती झाल्या दिवशीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनीसाला, गाठा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जखमेच्या आणि प्लास्टिक सर्जरीच्या कोणत्या उपचारांना मंजुरी मिळेल, ते रुग्णालय योजनेत आहे का, आणि एकापेक्षा जास्त ऑपरेशनं लागली तर पुढचं कसं, हे विचारून ठेवा. रेशन कार्ड आणि आधार कार्ड सोबत हवं. दोन्हींवरच्या नावात फरक असेल तर आजच सांगा, ऑपरेशनच्या सकाळी नको. योजनेचा टोल फ्री नंबर 155388 आहे. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात; तिथल्या सोशल वर्करकडे उत्पन्नाचा दाखला घेऊन जा.

कुठे न्यायचं हेही इथेच. साधं कातडी लावणं जिल्हा पातळीवरचे अनुभवी जनरल सर्जनही चांगलं करतात, त्यासाठी उगाच मुंबई गाठायची गरज नाही. हाड किंवा शीर उघडी असेल, तर मात्र प्लास्टिक सर्जन हवाच. मुंबईतलं केईएम, सायन, नायर, जे. जे., पुण्याचं ससून, नागपूरचं मेडिकल इथे तो विभाग आहे. सिंधुदुर्गातले अनेक जण बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जातात, जवळ पडतं. मात्र आपल्या राज्याची योजना तिथे चालेल का, हे निघण्याआधी विचारून घ्या.

जखम तयार झाली म्हणजे काय

जखम नुसती स्वच्छ झाली म्हणजे तयार झाली असं नाही. तळाशी लालभडक, बारीक दाणेदार, सपाट मांस दिसायला हवं. हात लागला की थेंबभर रक्त यावं, वास नसावा, कडा बसलेल्या असाव्यात, भोवतीची सूज उतरलेली असावी. मांस फिकट, बुळबुळीत, फुगलेलं असेल, तर अजून आत संसर्ग आहे किंवा रक्त कमी आहे. डॉक्टर कल्चरचा, म्हणजे जखमेतल्या जंतूंच्या तपासणीचा, रिपोर्टही पाहतात. त्यात ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस आला तर कातडी लावत नाहीत, कारण तो जंतू नवी कातडी विरघळवून टाकतो. हिमोग्लोबिन साधारण 10च्या आसपास आणि अल्ब्युमिन 3च्या वर असावं असा प्रयत्न असतो. त्यासाठी रक्ताच्या बाटल्या लागू शकतात. रक्तदाते आधी शोधून ठेवा.

‘सिस्टर, कातडी कधी लावणार?’ याऐवजी ‘लावायला काय कमी आहे?’ असं विचारा. त्या उत्तरातून आज काय करायचं ते कळतं.

ग्राफ्ट की फ्लॅप

ग्राफ्ट म्हणजे बहुधा मांडीवरून कातडीचा अगदी पातळ पापुद्रा काढून जखमेवर बसवायचा. त्याला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. पहिले दोन दिवस तो जखमेतल्या पाण्यावर जगतो, मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या त्यात शिरतात. जखम मोठी असेल तर त्या पापुद्र्याला मशीनमधून बारीक चिरा पाडून त्याची जाळी करतात. कमी कातडीत जास्त जागा झाकली जाते आणि खालचं पाणी छिद्रांतून निघून जातं. जाळीची नक्षी पुढे कायम दिसते. ती पाहून ‘ऑपरेशन नीट झालं नाही’ असं वाटून घेऊ नका.

उघड्या हाडावर किंवा आवरण गेलेल्या शिरेवर ग्राफ्ट धरत नाही, तिथून त्याला रक्त मिळत नाही. तिथे फ्लॅप लागतो: कातडी, चरबी, कधी स्नायू, आपल्या रक्तवाहिनीसकट वळवून आणायचा. गुडघ्याजवळच्या जखमेवर पोटरीचा वरचा स्नायू, नडगीच्या मधल्या भागावर पोटरीचा आतला स्नायू, घोट्याजवळ बऱ्याचदा मांडीवरचा किंवा पाठीचा तुकडा रक्तवाहिनीसह सोडवून, सूक्ष्मदर्शकाखाली टाके घालून जोडायचा. हे शेवटचं ऑपरेशन आठ-दहा तासही चालू शकतं आणि पहिल्या दोन दिवसांत फ्लॅप तासातासाला तपासतात. रक्त अडलं तर पुन्हा ओ.टी.त न्यावं लागतं, म्हणून एक माणूस रात्रीही फोनवर हजर हवा. हाताच्या जखमेसाठी कधी जांघेतली कातडी वापरतात. तेव्हा हात साधारण तीन आठवडे जांघेला जोडलेलाच राहतो आणि मग वेगळा करतात. त्या तीन आठवड्यांत जेवू कोण घालणार, शौचाला कोण नेणार, हे आधी ठरवा.

फ्लॅपची विद्या आपल्या मातीला नवी नाही. इंग्रजांच्या फौजेतल्या कावसजी नावाच्या मराठा गाडीवानाचं नाक टिपूच्या सैनिकांनी कापलं होतं. पुण्याकडच्या एका वीटभट्टीवाल्या कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक केलं. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिलं आणि 1794 साली लंडनच्या मासिकात त्याचा वृत्तांत चित्रासह छापून आला. कपाळाची कातडी तळाशी जोडलेली ठेवून वळवायची, तिथून तिला रक्त मिळत राहतं. कपाळावरून नाक करायची ती पद्धत प्लास्टिक सर्जन आजही वापरतात.

पुरुषांच्या अंडकोषाच्या आणि गुदद्वाराच्या भागात हा संसर्ग झाला तर त्याला फूर्निए गँगरीन म्हणतात. लाजेपोटी उशिरा येणारे पेशंट इथे सर्वांत जास्त. घरच्या बायकांनाही ते सांगत नाहीत. त्यांना हे जरूर सांगा: अंडकोषाच्या पिशवीची कातडी गेली तरी आतल्या गोट्यांना रक्त वेगळ्या वाटेने येतं, त्या बहुतेक वेळा शाबूत असतात. वरून कातडी लावून किंवा मांडीच्या कातडीने तो भाग झाकता येतो. जखमेत शौच जाऊ नये म्हणून काही काळ पोटावर शौचाची पिशवी लावतात. ती बहुधा तात्पुरती असते, पण नक्की किती दिवस हे सर्जनला विचारा.

ऑपरेशननंतरचे पाच दिवस

ग्राफ्ट तीन गोष्टींनी जातो: खाली रक्त किंवा पाणी साचलं, तो सरकला, किंवा संसर्ग झाला. सरकू न देणं तुमच्या हातात आहे. म्हणून पायाला प्लास्टरची पट्टी बांधलेली असते. ती खाजते, घट्ट वाटते, पण सैल करायची नाही. पाय उंच, लघवी-शौच पलंगावरच, आणि भेटायला येणाऱ्यांनी पलंगाच्या कडेवर बसायचं नाही. फक्त बोटं थंड, निळी किंवा बधिर पडली तर ताबडतोब सांगायचं.

पट्टी बहुधा तिसऱ्या ते पाचव्या दिवशी उघडतात. आम्ही वरचे थर कापत जातो, शेवटचा जाळीदार गॉज सलाइनने भिजवतो, हाताने कडा धरून सावकाश सोलतो. खाली गुलाबी, चिकटून बसलेली, दाबल्यावर न सरकणारी कातडी दिसली की ग्राफ्ट धरला. कुठे जांभळट डाग असतील तर त्यातले काही पुढे गुलाबी होतात. काळा, सुटलेला तुकडा गेला असं समजायचं. थोडा भाग गेला म्हणजे सगळं गेलं असं नाही. रुपयाएवढ्या जागा ड्रेसिंगवर आपोआप भरतात, मोठी जागा राहिली तर पुन्हा छोटा ग्राफ्ट लावतात. उघडताना पेशंटने पाहायचं की नाही, हे त्याला विचारा. काहींना पाहिल्यावर धीर येतो, काहींना नको असतं.

पायाच्या ग्राफ्टनंतर पहिल्यांदा पाय खाली सोडताना क्रेप बँडेज गुंडाळल्याशिवाय सोडू नका. आधी काही मिनिटं, मग पुन्हा वर. रोज थोडं वाढवत न्यायचं. पाय एकदम लोंबकळत ठेवला की रक्त उतरतं आणि नव्या कातडीखाली फोड येतात.

मांडीची जखम

लावलेल्या जागेपेक्षा काढलेली जागा जास्त दुखते. ही गोष्ट आधी सांगितलेली नसली की पेशंट घाबरतो: ‘पायाचं ऑपरेशन, मग मांडी का पेटलीय?’ वरचा पापुद्रा गेल्याने तिथले मज्जातंतू उघडे पडतात, म्हणून.

मांडीवरच्या पट्टीला हात लावायचा नाही, एवढाच नियम. पहिल्या दिवशी ती रक्ताने भिजते, मग वाळून कडक होते. खाली कातडी आली की साधारण 10 ते 14 दिवसांत पट्टीच्या कडा आपोआप उचलायला लागतात; वयस्कर आणि मधुमेही पेशंटना जास्त दिवस लागतात. उचललेली कड कात्रीने कापायची, चिकटलेला भाग ओढायचा नाही. हिरवं पाणी, घाण वास, वाढत जाणारं दुखणं किंवा ताप आला तर मात्र दाखवा. मांडीचीच जागा निवडतात कारण कपड्याखाली झाकली जाते. तिथे रंगाचा फरक राहतो, लग्न न झालेल्या मुलींच्या घरी हे आधी मोकळेपणाने बोललेलं बरं.

घरी गेल्यावर

ग्राफ्टच्या कातडीला घाम येत नाही आणि तेलही सुटत नाही. ती कोरडी पडते, खाजते, तडकते. पूर्ण भरल्यावर दिवसातून दोन-तीन वेळा खोबरेल तेल किंवा साधं पेट्रोलियम जेली लावून हलक्या बोटाने चोळायचं. खाज असह्य असेल तर औषध मिळतं, नखं लावू नका; लहान मुलांची नखं कापून ठेवा. वर्षभर तरी ऊन थेट लागू देऊ नका, कातडी काळी पडते. व्रण नरम व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं.

सांध्यावरचा ग्राफ्ट आकसतो. म्हणून रात्री सांधा आधाराने धरून ठेवणारी पट्टी आणि दिवसाचा व्यायाम डिस्चार्जनंतर अनेक महिने चालू ठेवायचा असतो. डॉक्टरांनी घट्ट कपडा, म्हणजे प्रेशर गारमेंट लिहून दिला असेल, तर तो अंघोळ सोडून जवळजवळ दिवसरात्र घालायचा. उन्हाळ्यात कठीण जातं, म्हणून दोन जोड्या शिवून घ्या; एक धुवायला, एक अंगावर. आकसलं तरी पुढे ऑपरेशन करून सोडवता येतं, पण ती वेळ बहुधा टाळता येते.

नव्या कातडीला स्पर्श कमी कळतो, चटका बसला तरी कळत नाही. चुलीजवळ बसताना, गरम पाण्याची पिशवी घेताना, दुपारच्या डांबरी रस्त्यावर चालताना हे लक्षात ठेवा. मधुमेही पेशंटने अनवाणी कधीच चालायचं नाही, देवळातही मोजे घालावेत. रोज रात्री दिव्याखाली तळवे पाहायचे. स्वतःला दिसत नसेल तर सुनेने, मुलाने, नातवंडांनी पाहायचे. शेतात परत जायचं तर गमबूट घालून, आणि चिखलातल्या कामाला सर्जनने हो म्हटल्यावरच. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं आणि पुढचं कधी, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या.

ग्राफ्टभोवती लाली पसरायला लागली, ताप आला, पाणी झिरपू लागलं किंवा भरलेल्या जागी नवं छिद्र पडलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता या. डिस्चार्ज कार्ड, कल्चरचे रिपोर्ट आणि वहीची पानं, सगळ्यांचे फोटो घरातल्या दोघा जणांच्या फोनमध्ये ठेवा. रात्री दुसऱ्याच दवाखान्यात जावं लागलं, तर कोणतं अँटिबायोटिक चाललं आणि कोणतं नाही, हे तिथल्या डॉक्टरांना त्यातून लगेच कळतं.